यजमान बदलला तरी चाल तीच : आभासी यंत्रांच्या स्थलांतरातील कालगणनेविषयी काही टिपणे

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी हे गाव सुमारे ७७.८ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे मुंबई आणि भारतीय प्रमाणवेळेचे रेखावृत्त ह्यांच्या जवळजवळ मध्यावर वसलेले आहे. तेथे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा प्रमाणवेळेच्या घड्याळात सरासरीने बारा वाजून एकोणीस मिनिटे झालेली असतात. मुंबईच्या डोक्यावर येण्यास त्याला आणखी सुमारे वीस मिनिटे लागतात. फुलसावंगीच्या शेतकऱ्याला ह्या हिशेबाशी कर्तव्य असण्याचे कारण नाही. परंतु २०१८ पासून महाराष्ट्रात संगणकीय स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, आणि त्या उताऱ्यावर तारखेबरोबर वेळही छापून येऊ लागली. ही वेळ कोणत्या घड्याळाची, असा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारला तर तो अप्रस्तुत ठरू नये. दस्तऐवजाचा काळ निश्चित करणे हे आपले नित्याचेच काम आहे.

ती वेळ गावच्या सूर्याची नाही, आणि उतारा ज्या टेबलावर छापला गेला त्या संगणकाचीही नाही. अशा नोंदी ज्या दूरच्या केंद्रात साठवल्या जातात तेथील संगणकाची ती वेळ असते. आणि अलीकडे अशा केंद्रांतील ‘संगणक’ म्हणजे पुष्कळदा लोखंडी पेटी नसून ज्यास आभासी यंत्र म्हणतात ती वस्तू असते. एका खऱ्या संगणकावर अशी अनेक आभासी यंत्रे एकाच वेळी नांदतात. प्रत्येकाला वाटते की सारा संगणक आपलाच आहे. खऱ्या संगणकास यजमान आणि आभासी यंत्रास पाहुणा म्हणण्याचा प्रघात आहे. पाहुणा काम करीत असतानाच त्यास एका यजमानाकडून उचलून दुसऱ्याकडे नेता येते, आणि पाहुण्याला त्याचा पत्ताही लागत नाही. निदान लागू नये, अशी अपेक्षा असते. ह्या स्थलांतरात पाहुण्याचे घड्याळ बिघडू नये म्हणून जे प्रयत्न झाले त्यांचा इतिहास प्रस्तुत लेखात थोडक्यात मांडावयाचा आहे. तो इतिहास संगणकापासून सुरू होत नाही, असे आमचे मत आहे.

मराठी भाषेने ह्या बाबतीत एक भेद फार पूर्वीच करून ठेवला आहे. घड्याळ ‘पुढे आहे’ असे आपण म्हणतो आणि घड्याळ ‘पुढे पळते’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात घड्याळाचे खऱ्या वेळेपासूनचे अंतर सांगितले जाते, दुसऱ्यात त्याची चाल. पाच मिनिटे पुढे असलेले घड्याळ काटे मागे सरकवून एकदाच दुरुस्त होते. दिवसाला पाच मिनिटे पुढे पळणारे घड्याळ आज लावले तरी उद्या चुकणारच. जहाजावरील क्रोनोमीटरच्या व्यवहारात ह्या दोन राशी निरनिराळ्या लिहून ठेवण्याची शिस्त होती. १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने कुलाब्यास वेधशाळा उभारली तिच्या उद्देशांपैकी मुंबई बंदरातील जहाजांना अचूक वेळ पुरवणे हा एक होता. केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनी तरुणपणी ह्याच वेधशाळेत ऑर्लेबार ह्यांच्या हाताखाली वेधांचे काम केले. क्रोनोमीटरचा काटा नाविक सहसा हलवीत नसे. ‘इतके सेकंद मागे, रोज इतके सेकंद पुढे पळते’ अशी दुहेरी नोंद घेऊन तो समुद्रावर जाई आणि तेथे हिशेब करी. स्थिर ठेवलेल्या क्रोनोमीटरची चाल आणि प्रवासातील चाल ह्या एकच नसतात, हेही त्या काळच्या मोजणीदारांना अनुभवाने ठाऊक होते. आपल्या विषयाचे बीज नेमके येथे आहे.

त्याहून जुने आणि अधिक बोलके उदाहरण १६७२ चे आहे. फ्रेंच ज्योतिर्विद झां रिशे हा पॅरिसहून लंबकाचे घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे गेला. पॅरिसमध्ये बिनचूक चालणारे ते घड्याळ विषुववृत्ताजवळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. घड्याळ तेच होते, लंबकही तोच. बदलला होता तो यजमान, म्हणजे पृथ्वीचा पृष्ठभाग. तेथे गुरुत्वाकर्षण किंचित कमी. रिशेने लंबक सव्वा रेघ आखूड केला तेव्हा चाल पूर्ववत झाली. (रेघ हे त्या काळचे फ्रेंच माप, सव्वादोन मिलिमीटरांच्या आसपास.) आपल्या लग्नघरातील घटिकापात्राची गोष्ट वेगळी. त्याची चाल तळाच्या छिद्रात असते. ते पात्र वऱ्हाडातून कोकणात नेले तरी चोवीस मिनिटांतच बुडते. पाण्याच्या उष्णतेने पडेल तेवढाच फरक. म्हणजे घड्याळे दोन जातींची झाली : आपली चाल स्वतःबरोबर नेणारी आणि यजमानाकडून ती उसनी घेणारी. आभासी यंत्राचे घड्याळ बहुतांशी दुसऱ्या जातीचे आहे, आणि सारी अडचण त्यातून उद्भवली.

येथे मुंबईच्या प्रसिद्ध वेळ-वादाचा उल्लेख करणे क्रमप्राप्त आहे. तथापि तो आपल्या विषयाचा पूर्वज मानता येणार नाही. १ जानेवारी १९०६ रोजी साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ अमलात आली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटे पुढे होती. मुंबईकरांनी ती मानली नाही. त्याच वर्षी फिरोजशहा मेहता ह्यांच्या पुढाकाराने नगरपालिकेने आपली घड्याळे पुन्हा मुंबई वेळेवर आणली, आणि ही वेळ शहरात १९५५ पर्यंत टिकली. त्यापूर्वी १८८१ साली मद्रास वेळ लादण्याचा सरकारी प्रयत्नही लोकविरोधाने फसला होता. हा वाद कितीही तीव्र असला तरी तो केवळ अंतराचा होता. गिरणीचा भोंगा केव्हा वाजावा ह्यावर मतभेद होता, तास किती लांबीचा असावा ह्यावर नव्हता. संगणकाच्या स्थलांतरात मात्र तासाची लांबीच बदलण्याचे भय असते.

स्थलांतराची खरी शिस्त पाहावयाची असेल तर ती मुंबईतच, पण दुसऱ्या एका घटनेत सापडते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदींना त्यांच्या विद्युत्प्रवाहाचा उपद्रव होणार हे उघड झाले. ह्या नोंदी १८४१ पासून चालत आलेल्या होत्या. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस ह्यांनी सुमारे ३० किलोमीटर दूर असलेल्या अलिबागेची निवड केली. १९०४ साली तेथील नोंदी सुरू झाल्या, परंतु कुलाब्याच्या लगेच बंद केल्या नाहीत. १९०६ पर्यंत, सुमारे दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवून दोहोंतील फरक निश्चित करण्यात आला, आणि मगच जुनी मालिका नव्या जागी जोडली गेली. ट्राम १९०७ साली धावली. जगातील दीर्घ चुंबकीय मालिकांमध्ये कुलाबा-अलिबागची गणना होते ती ह्या दोन वर्षांच्या धीरामुळे. यजमान बदलताना मोजमापाचे सातत्य कसे राखावे ह्याचा ह्याहून चांगला वस्तुपाठ आम्हास ठाऊक नाही. पुढे संगणकतज्ज्ञांपुढे हीच समस्या आली तेव्हा त्यांच्या हाती दोन वर्षे नव्हती. सेकंदाचा अंश होता.

आता संगणकाकडे वळू. आभासी यंत्राची कल्पना आय.बी.एम. कंपनीच्या केंब्रिज येथील केंद्रात १९६४ नंतर आकारास आली आणि १९७२ साली व्हीएम/३७० ह्या नावाने बाजारात आली. ह्या काळातील यंत्ररचनाकारांनी चालीचा प्रश्न किती बारकाईने सोडवला होता हे पाहण्यासारखे आहे. १९६४ च्या सिस्टिम/३६० मालिकेत स्मृतीच्या ८० क्रमांकाच्या जागी एक मोजणी ठेवलेली असे. ती घरगुती विजेच्या आवर्तनांबरोबर कमी होई. पण अमेरिकेत वीज सेकंदास ६० आवर्तनांची आणि युरोपात व हिंदुस्थानात ५० आवर्तनांची. मग अमेरिकेत लिहिलेली आज्ञावली येथे आणल्यास तिचा तास लांबायचा. ह्यावर योजलेली तोड साधी होती : ६० आवर्तनांच्या देशात प्रत्येक वेळी ५ वजा करावयाचे, ५० आवर्तनांच्या देशात ६. दोन्हीकडे सेकंदास ३०० च होतात. यजमानाची चाल निराळी, पाहुण्यास दिसणारी चाल तीच. आणि मध्ये एक गुणक. पुढील पन्नास वर्षांत ह्या विषयात जे जे झाले त्याचे सार ह्या पाच-सहाच्या हिशेबात आहे.

१९७० च्या सिस्टिम/३७० मध्ये तर गुणकाचीही गरज उरली नाही. तेथील घड्याळाची ५१ क्रमांकाची द्विमान जागा दर मायक्रोसेकंदास एकाने वाढेल, असे रचनेच्या संहितेतच लिहून टाकले. यंत्र स्वस्त असो वा महाग, मंद असो वा शीघ्र, घड्याळाची चाल एकच. (ते घड्याळ १९०० पासून मोजते आणि सुमारे १४३ वर्षांनी भरून वाहते, म्हणजे २०४२ साली. तो प्रश्न निराळा.) परिणामी ह्या घराण्यातील आभासी यंत्रांस अंतराची बेरीज-वजाबाकी पुरेशी होती, चालीची चिंता नव्हती.

हे शहाणपण छोट्या संगणकांच्या युगात विसरले गेले. १९९३ साली इंटेल कंपनीच्या पेंटियम प्रोसेसरात एक नवा गणक आला. प्रोसेसरच्या प्रत्येक ठोक्यास तो एकाने वाढे. पहिले पेंटियम ६० व ६६ मेगाहर्ट्‌झचे होते. म्हणजे सेकंदास सहा कोटी किंवा सहा कोटी साठ लाख ठोके. हा गणक वाचणे अत्यंत स्वस्त, म्हणून आज्ञावलीकारांनी त्याचाच घड्याळ म्हणून उपयोग सुरू केला. पण सेकंदास ठोके किती, हे संहितेत कोठेच लिहिलेले नव्हते. तेव्हा कार्यप्रणाली सुरू होतानाच एका जुन्या, मंद पण निश्चित गतीच्या घड्याळाशी त्याची तुलना करी आणि जो आकडा येईल तो यंत्र बंद होईपर्यंत प्रमाण मानी. ह्या जुन्या घड्याळाची गती सेकंदास ११,९३,१८२ अशी विचित्र आहे. ती अमेरिकन रंगीत दूरचित्रवाणीच्या स्फटिकावरून १९८१ च्या आय.बी.एम. पी.सी. मध्ये उतरली. स्वस्त मिळणारा स्फटिक वापरण्याच्या काटकसरीतून असे आकडे इतिहासात शिरतात आणि मग हलत नाहीत.

पहिला धक्का स्थलांतराने दिला नाही, तर वीज वाचवण्याच्या युक्तीने दिला. २००० च्या सुमारास प्रोसेसर गरजेप्रमाणे आपली गती कमी-अधिक करू लागले आणि गणकाची चाल डळमळली. उपाय म्हणून गणक प्रोसेसरच्या गतीपासून तोडण्यात आला. २००८ च्या पिढीपासून तो प्रोसेसर झोपला तरी ठरलेल्या चालीने मोजत राहू लागला. एका यंत्रापुरता प्रश्न मिटला. ‘ठरलेली चाल’ मात्र प्रत्येक नमुन्यागणिक वेगळीच राहिली.

ह्याच सुमारास चालते आभासी यंत्र हलविण्याची विद्या प्रौढ झाली. व्हीएमवेअर कंपनीने २००३ साली ती बाजारात आणली. २००५ साली झेन ह्या प्रणालीवरील एका निबंधात पाहुण्यास प्रत्यक्ष थांबवून ठेवण्याचा काळ ६० मिलिसेकंदांपर्यंत खाली आणल्याचे दाखविण्यात आले. पद्धत अशी की पाहुणा चालू असतानाच त्याची स्मृती नव्या यजमानाकडे नकलत राहावयाची, मधल्या काळात जी पाने बदलली ती पुन्हा नकलावयाची, आणि थोडी उरली की क्षणभर थांबवून तेवढी हलवावयाची. स्मृतीपुरते पाहिले तर हे अलिबागचेच तंत्र आहे. फक्त घड्याळाची नक्कल अशी पाना-पानाने होत नाही.

समजा, जुना यजमान २.४ गिगाहर्ट्‌झचा आणि नवा ३.० चा. पाहुण्याने सुरुवातीस एकदा मोजून ठरविले आहे की २४० कोटी ठोके म्हणजे एक सेकंद. नव्या घरी एका सेकंदात ३०० कोटी ठोके पडतात. पाहुणा त्यांस सव्वा सेकंद समजतो, आणि त्याच्या एका तासात पंच्याहत्तर मिनिटे होतात. उलट दिशेने गेल्यास त्याचा तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा. पैशाचे व्यवहार, हक्कांच्या नोंदी, कोणता अर्ज आधी आला आणि कोणता नंतर, हे सारे ह्या मोजणीवर ठरते. फेरफाराच्या नोंदींचा क्रम उलटला तर काय होते हे ज्यांनी महसुली दप्तरे चाळली आहेत त्यांस सांगावयास नको. शिवाय अंतराचाही धोका असतोच. नव्या यजमानाचा गणक लहान आकडा दाखवीत असेल तर पाहुण्याच्या दृष्टीने काळ मागे जातो, आणि मागे जाणारा काळ फारच थोड्या आज्ञावल्यांना पचतो.

ह्यावर जे उपाय निघाले त्यांत तीन वृत्ती दिसतात. पहिली दरवेळी मध्यस्थी करण्याची. पाहुण्याने गणक वाचू म्हटले की यजमानाने त्यास अडवून हिशेब करून आकडा सांगावयाचा. २०१० च्या झेन ४.० मध्ये ही सोय नियमबद्ध झाली : घर बदलल्यावर चाल वेगळी असेल तर मध्यस्थी, नसेल तर थेट वाचन. हा उपाय बिनचूक, पण महाग. जे काम काही डझन ठोक्यांत व्हावयाचे त्यास हजारांच्या घरात ठोके लागू लागले.

दुसरी वृत्ती पाहुण्यास विश्वासात घेण्याची. २००८ साली लिनक्समधील केव्हीएम प्रणालीत पाहुण्यासाठी स्मृतीचे एक पान राखून ठेवण्यात आले. यजमान त्यावर लिहून ठेवतो : गणक अमुक असताना वेळ अमुक होती, आणि ठोक्यांचे नॅनोसेकंद करण्यास अमुक गुणक वापरावा. घर बदलले की पानावरचे आकडे बदलतात. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही प्रणालीतही असेच पान आहे. त्यावरून मिळणारी वेळ नेहमी सेकंदास एक कोटी ह्या चालीने जाते. हा थेट क्रोनोमीटरचा मार्ग होय. काटा हलवावयाचा नाही, अंतर आणि चाल कागदावर द्यावयाची, हिशेब नाविकाने करावयाचा. त्याची मर्यादाही तीच आहे. ज्या पाहुण्यास हा कागद वाचता येत नाही, किंवा जी आज्ञावली परस्पर गणकच वाचते, तिचे संरक्षण होत नाही.

तिसरी वृत्ती म्हणजे लंबकच आखूड करणे. पाहुणा गणक वाचील तेव्हा प्रोसेसरनेच यजमानाच्या आकड्यास एका गुणकाने गुणून, त्यात अंतर मिळवून उत्तर द्यावे. वरील उदाहरणात गुणक ०.८ होईल. ए.एम.डी. कंपनीने २०११ च्या सुमारास आणि इंटेलने २०१५ च्या पिढीपासून हे गुणन प्रोसेसरमध्ये बसविले. ए.एम.डी.च्या गुणकात अपूर्णांकास ३२ द्विमान जागा आहेत. गुणक त्यात पूर्ण न बसल्याने येणारी चूक दिवसास फार तर वीस मायक्रोसेकंद. इंटेलकडे ४८ जागा, आणि चूक दिवसास एका नॅनोसेकंदाहूनही कमी. मध्यस्थीची दिरंगाई नाही, पाहुण्याच्या संमतीची गरज नाही.

आकड्यांची ही सूक्ष्मता पाहून मन प्रसन्न होते, तथापि तिचे मूल्यमापन जपून केले पाहिजे. गुणक ज्या दोन गतींच्या भागाकाराने काढावयाचा त्या गती केव्हीएममध्ये किलोहर्ट्‌झच्या पूर्णांकात नोंदल्या जातात. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एक किलोहर्ट्‌झची चूक म्हणजे दिवसास सुमारे ३६ मिलिसेकंद. ज्या मोजपट्टीवर सेंटिमीटरच्या खुणा आहेत तिच्यावर केसाच्या जाडीचा हिशेब करण्यासारखे हे आहे. गुणनाची सोय नसलेल्या यजमानाकडे जाताना केव्हीएम दोन्ही गतींतील फरक दशलक्षात २५० पर्यंत चालवून घेते, म्हणजे दिवसास २१.६ सेकंद; त्यापुढे पाहुण्याची चाल आधी निश्चित करून दिलेली असेल तर स्थलांतर नाकारले जाते. हे २५० कोठून आले? बाहेरच्या प्रमाण घड्याळाशी जुळवून घेण्याची जी पद्धत १९८५ पासून प्रचारात आहे, ती पाहुण्याच्या चालीत दशलक्षात ५०० पर्यंतच दुरुस्ती करते. २५० ची सूट ह्या आवाक्यात सुखरूप बसते. रिशेच्या घड्याळाचा फरक ह्याच मापाने दशलक्षात सुमारे १७३६ होता. त्याला ह्या नियमाखाली कायेनमध्ये प्रवेश मिळाला नसता!

थांबविल्याच्या क्षणाचे काय करावे, हा प्रश्न मात्र गुणकाने सुटत नाही. पाहुणा ६० मिलिसेकंद निश्चेष्ट होता. तो काळ त्याच्या घड्याळात मोजावा की नाही? मोजला तर त्याला एकाएकी उडी दिसते, न मोजला तर तो जगाच्या तेवढा मागे पडतो आणि मग हळूहळू गाठावे लागते. केव्हीएमचे घड्याळ सामान्यतः थांबले तेथून पुढे चालू होते आणि उरलेले काम बाहेरच्या जुळवणीवर सोडते. आमच्या मते चाल जपण्यास अग्रक्रम देऊन अंतर सावकाश भरून काढणे हेच योग्य. मागे पडलेले अंतर बाहेरून केव्हाही कळते. बिघडलेली चाल मात्र मधल्या सर्व नोंदी नासवून मगच उघडकीस येते. मूस ह्यांनी दोन वर्षे दोन ठिकाणी मोजणी ठेवली ती ह्याच जाणिवेने, असे मानण्यास हरकत नसावी.

आर्म घराण्याच्या प्रोसेसरांत ह्या कथेची पुनरावृत्ती झाली. त्यांच्या सामाईक गणकाची गती प्रत्येक निर्मात्याने आपल्या मर्जीने ठेवली होती, आणि गुणनाची सोय नव्हती. म्हणून निराळ्या गतीच्या यजमानांमधील स्थलांतरात पाहुण्याची चाल जपणे कठीण जाई. रचनेच्या ८.६ ह्या आवृत्तीत अखेर गणकाची दर्शनी गती सेकंदास शंभर कोटी अशी संहितेतच निश्चित करण्यात आली. १९७० साली सिस्टिम/३७० च्या संहितेत ५१ व्या जागेविषयी लिहिलेले वाक्य अर्धशतकानंतर दुसऱ्या घराण्याने पुन्हा लिहिले. पेंटियमच्या वंशात ते वाक्य नसल्याने तेथे गुणकाचा व्यवहार चालू आहे, आणि फुलसावंगीच्या उताऱ्यावरील वेळ देणारे यंत्र ह्यांपैकी कोणत्या वंशाचे, हे उताऱ्यावर छापलेले नसते.